डाव्या पायाची शाळा

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधला सगळ्यात अवघड विद्यार्थी कोण, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगते : ज्याला गाडी चालवता येते तो.

नवशिका माणूस सोपा असतो. तो घाबरतो, घाम पुसतो, 'मॅडम, मला काही हे जमणार नाही' असं रोज म्हणतो आणि महिन्याभरात बायकोला शेजारी बसवून फिरायला लागतो. पण सगळी हयात जीप हाकण्यात गेलेला माणूस माझ्या ऑफिसात येतो तेव्हा आधी मागं वळून बघतो. आपल्याला कुणी ओळखीच्यानं पाहिलं नाही याची खात्री करतो. मग खुर्ची पुढं ओढून, गुप्तरोग झाल्यासारखा आवाज काढून म्हणतो, "मॅडम, ऑटोमॅटिक गाडी घेतलीय. पोरांनी."

हे 'पोरांनी' प्रत्येक जण न चुकता जोडतो. स्वतःहून घेतल्याचं कबूल करणारा अजून मला भेटायचाय.

"बरं, मग?" मी मुद्दाम विचारते. मला सगळं माहीत असतं, पण त्यांच्या तोंडून ऐकण्यात मजा असते.

"मग काय... पाय."

"डावा ना?"

नाडी न बघताच वैद्यानं दुखणं ओळखलं की पेशंटचा चेहरा होतो, तसा त्यांचा होतो.

ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवलेल्या नाहीत त्यांच्यासाठी हे दुखणं समजावून सांगते. जीपला पायाशी तीन पेडल. उजव्या पायाकडं रेस आणि ब्रेक, डाव्या पायाकडं एकटा क्लच. हा क्लच हलक्या पायाला दाद देत नाही. गुडघा उचलायचा आणि अंगाचं वजन टाकून दाबायचा. गिअर बदलताना, स्पीडब्रेकर आल्यावर, म्हैस आडवी आल्यावर, पाहुणा हात करताना दिसल्यावर, प्रत्येक वेळी डावा पाय खाली. ऑटोमॅटिकला क्लचच नाही. दोनच पेडल, आणि त्यातलं ब्रेकचं पेडल ऐसपैस रुंद. डावा पाय आयुष्यभर जिथं क्लच शोधत आला, जवळजवळ तिथपर्यंत ते पसरलेलं असतं. आता स्पीडब्रेकर दिसतो, जुना पाय मालकाला न विचारता उठतो आणि सगळ्या ताकदीनं ब्रेकवर बसतो. गाडी जागच्या जागी खिळते. आतली माणसं मात्र पुढं जात राहतात.

हा प्रसंग मी वर्गात खुर्चीवर बसून साभिनय करून दाखवते. एकदा त्या भरात खुर्चीवरून खाली पडले होते. त्या बॅचला तो धडा सगळ्यात चांगला समजला.

मला जीपवाल्यांची टर उडवायला आवडतं, कारण मी स्वतः जीपवाल्याची मुलगी. अब्बांची जीप सोलापूर-अक्कलकोट लाइनवर वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला होती. आत माणसं, मागच्या फळीवर माणसं, टपावर कोंबड्या आणि कोथिंबीर. गाडी कशी चालते हे मी त्याच जीपवर शिकले. काळ्या रानात चिखलातून बाहेर काढण्यासाठी मोठ्या दांड्याशेजारचा छोटा दांडा ओढून चारही चाकांना कामाला लावायचं, म्हणजे फोर बाय फोर टाकायची, हेही तिथंच. आता तसल्या जीपा शोधाव्या लागतात. शेतापर्यंत डांबर आलं, हायवे रुंद झाला, घरोघरी कुणाची ना कुणाची कंबर दुखायला लागली. मग आल्या या नव्या गाड्या. शोरूमवाले त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. बाहेरून बघाल तर डोंगर चढेल असा आव. आत बसलात की सोफा. चिखलात घातली तर अंघोळीला उतरलेल्या नवरीसारखी अंग चोरते. पण म्हातारी माणसं पदर न सावरता चढतात, पोरं झोपतात, पाणी पिताना दात फुटत नाहीत. मी जीपची लेक असले तरी खोटं कशाला बोलू? घरादाराला हीच गाडी बरी.

राहता राहिला डावा पाय.

अब्बांचे दोस्त महमूदचाचा एका डॉक्टरांच्या घरी असल्याच गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले. माझ्याकडं शिकायला येणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ज्या पोरीला आपण मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं, तिच्याकडून काय शिकायचं! त्यांनी आपलं आपण औषध काढलं. खांद्यावरचा रुमाल घेतला आणि डावा घोटा सीटखालच्या पट्टीला बांधून टाकला. गाडी एकदम लोण्यासारखी चालली. सात रस्ता चौकात हवालदारानं हात करून बाजूला घेतलं आणि कागद मागितले. चाचा अदबीचे. बसून कसं बोलायचं, म्हणून दार उघडून रुबाबात उतरले. उजवा पाय उतरला, डावा आतच राहिला, आणि चाचा दोन्ही हात पसरून हवालदाराच्या गळ्यात पडले.

"चाचा, सकाळी सकाळी पिऊन चालवताय व्हय?"

"तौबा साब! पीया नई, बांधा हूं!"

दुसऱ्याच दिवशी चाचा माझ्या ऑफिसात हजर. म्हणाले, "बेटी, चाय पीने आया था." मी चहा दिला आणि गाडीची चावी काढली.

अक्कलकोटचे एक कापडवाले शेठ होते. ते पायाशी बोलायचे. माझ्याशी अस्सल मराठीत गप्पा चालू, आणि स्पीडब्रेकर दिसला की खाली वाकून, "ब्याडा, ब्याडा!" म्हणजे कानडीत नको, नको. मी म्हटलं, "शेठ, मराठीत सांगून बघा की त्याला." ते गंभीरपणे म्हणाले, "मराठी गिऱ्हाइकाशी, मॅडम. पाय घरचा हाय." महिन्याभरानंतर त्यांच्या पायानं ऐकलं. कानडीला श्रेय द्यायला माझी काही हरकत नाही, पण खरं काम केलं ते काथ्यानं.

हा काथ्या म्हणजे माझा शोध, आणि त्याचा मला भलताच अभिमान आहे. गाडीत डावा पाय टेकवायला कोपऱ्यात एक उतरती जागा असते. तिथं मी काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा घट्ट चिकटवते. विद्यार्थ्यानं डाव्या पायातली चप्पल काढायची आणि अनवाणी पाय त्या काथ्यावर ठेवायचा. पाय उचलला की खरखरीतपणा जातो, तळव्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि मालकाला कळतं की पाय घर सोडून निघालाय. शिव्या देऊन पाय सुधारत नाही. त्याला घर द्यावं लागतं.

या काथ्याच्या जोरावर मी बऱ्याच जीपवाल्यांना सरळ केलं. मग आले मोहोळकडचे तात्या.

तात्या म्हणजे पांढरं धोतर, करकरीत टोपी, मिशीला पीळ. चांगलं ओलिताचं रान असलेला माणूस. सोबत बायको, इंदूबाई, हळूहळू पावलं टाकत आलेली. तिच्या मणक्याची चकती सरकली होती आणि सोलापूरला दर बुधवारी तिला व्यायामाच्या उपचाराला आणावं लागायचं. डॉक्टरांनी जीपमध्ये पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यामुळं दोघं एस.टी.नं आली होती.

"पोरांनी गाडी घेतलीय," तात्यांनी सुरुवात केली.

"पोरांनी न्हाय, परशानं," इंदूबाई म्हणाली. "आमचा प्रशांत. पुण्यात असतो. माझ्या कमरेपायी घेतली त्यानं."

मग पाडव्याची हकिकत तिनंच सांगितली, कारण तात्या छताकडं बघत बसले होते. अंगणात नवी गाडी, हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. पहिलं चाक तात्यांनी फिरवायचं असा मान. गाडी लिंबांवरून मऊ पुढं गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फाटकाशी तात्यांना वाटलं, आता गिअर बदलावा.

"नातू पुढं बसला व्हता," ती म्हणाली. "त्याचं नाक फुटलं. नव्या सीटवर रगत."

प्रशांतनं त्याच वेळी चावी खिशात घातली. घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तो एवढंच म्हणाला, की गणपतीला येईन तेव्हा मला शेजारी बसवून नीट चालवून दाखवा; तोवर चावी चुलतभावाकडं राहील, बॅटरी उतरू नये म्हणून तो गाडी अधूनमधून चालू करेल, आणि नाही जमलं तर आईला ने-आण करायला पगारी ड्रायव्हर ठेवू.

"ड्रायव्हर!" तात्या पहिल्यांदा छतावरून खाली आले. "पोरी, लग्न करून हिला आणली ती जीपनं. पोरगं झालं तवा दवाखान्यात नेली जीपनं. हिला घेऊन जायाचं तर मी न्हेनार. दुसऱ्यानं चालवायची आन् मी शेजारी पिशवी धरून बसायचं? मी कुनाच्या डाव्या बाजूला बसलेला मानूस न्हाय."

मग त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. मी पन्नाशीची, खमीस-दुपट्टा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता.

"फोर बाय फोर कवा टाकायची, ठावं हाय का तुला?"

"रुतायच्या आधी, तात्या. रुतल्यावर कुणीबी टाकतंय."

 मग डाव्या पायातला जोडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "शिकव."

त्या दिवसापासून दर बुधवारी उपचार आटोपले की दोघं माझ्याकडं यायची. विजापूर रोडच्या पुढं एक मोकळं मैदान आहे, तिथं मी माझी ऑटोमॅटिक घेऊन जाते. माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे, म्हणून मी आजवर जिवंत आहे. इंदूबाई पाठीशी उशी घेऊन मागच्या सीटवर बसायची. मी म्हटलं, झाडाखाली बसा, तुम्हाला हिसके बसतील. ती म्हणाली, "मी मागं नसले तर त्यांचा पाय कुनाला भिनार?"

मैदानाच्या कडेला सिद्रामचं रसाचं गुऱ्हाळ आहे. त्याला मी कामाला लावलं होतं. मी खिडकीतून रुमाल हलवला की त्यानं एक जुना टायर गाडीच्या वाटेत घरंगळत सोडायचा. तात्यांनी उजव्या पायानं हळू ब्रेक धरायचा, डावा काथ्यावर. सिद्रामला या कामात इतकी गोडी लागली की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो माझ्या रुमालाकडं टक लावून बसायचा.

तात्या जिद्दीचे. गचका बसला की एकच शब्द : "पुन्यांदा." घाम निथळायचा, टोपी मागं सरकायची. मी म्हणायची, "रस घेऊ या." "आधी पुन्यांदा." आषाढापर्यंत मैदानावर त्यांची गाडी अशी चालायला लागली की सिद्राम हिरमुसला. टायर सोडण्यात त्याला काही मौजच राहिली नाही.

म्हणून मी त्यांना रस्त्यावर काढलं.

दुपारची वेळ, रस्ता मोकळा. तात्या सुरेख चालवत होते. डावा पाय घरी. ते मला उसाच्या कुठल्याशा ट्रॉलीची गोष्ट सांगत होते, जी त्यांच्या जीपनं चिखलातून ओढून काढली होती. समोर लांबवर म्हशी रस्ता ओलांडत होत्या. घाई नव्हती, नुसता वेग कमी करायचा होता. तेवढ्यात मागून ट्रकनं जोरात हॉर्न दिला. तात्या दचकले, आणि सगळ्या महिन्यांची मेहनत सोडून तो पाय उठला.

गाडी खिळली. ट्रकवाला शिव्या घालत, आमच्या आरशाला घासून जाईल इतक्या जवळून निघून गेला.  मागून इंदूबाईचा एक बारीक आवाज आला, अर्धा गिळलेला.

"इंदे?"

"काय न्हाय. चला."

तात्यांनी वरच्या आरशात बघितलं. ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरून, डोळे मिटून बसली होती. तोंड पांढरंफटक. तात्या मला 'पुन्यांदा' म्हणाले नाहीत. उतरले आणि स्टिअरिंग मला दिलं.

मैदानावर परत आल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, परशाला तू फोन कर. म्हनावं, तात्यांना जमतंय. मास्तरीण सांगतीय म्हटल्यावर त्यो गप बसंल."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. आरटीओतल्या साहेबांपासून सासूबाईंपर्यंत कुणाला सोडलं नाही. पण ही थाप मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईच्या मणक्यावर जाऊन आदळणार होती.

"नाही तात्या. मी सांगणार नाही. शिकवायचं मात्र थांबवणार नाही. दहा वर्षं लागली तरी शिकवीन."

"दहा वर्सं मी कशाला ऱ्हातोय!"

 मग मागून इंदूबाई म्हणाली, "माझा डावा पाय मोकळाच हाय की."

आम्ही दोघंही मागं वळलो.

"म्हंजी?" तात्या.

"म्हंजी त्याला कसली खोड न्हाय. एवढे दिस बसून बसून मला सगळं पाठ झालंय. काथ्यावर पाय, नजर लांब, रेस हळू. मी बसते म्होरं."

"तू? तुला स्कुटीवर मागं बसाया भ्या वाटतं!"

"मागं बसायाचंच भ्या वाटतं. म्होरं बसून कवा बघितलंय?"

मला हसू फुटलं. तात्यांना फुटलं नाही. त्यांनी जोडा घातला, पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँडची रिक्षा धरली. पुढच्या बुधवारी ते आलेच नाहीत. मी दिवसभर दाराकडं बघत होते. आपण एका भल्या माणसाचा शेवटचा मान घालवला, असं मला वाटत राहिलं. खरं बोलल्याचा पस्तावा होत नसतो म्हणतात. मला त्या आठवड्यात भरपूर झाला.

त्याच्या पुढच्या बुधवारी दोघं दारात. तात्यांनी टेबलावर इंदूबाईचे फोटो आणि आधार कार्ड ठेवलं.

"हिचं लायसन काढ."

मी आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"आरशात तिचं त्वांड बघितलं मी त्या दिवशी," ते खिडकीकडं बघत म्हणाले. "पण ध्यानात ठेव, मी माझं सोडलेलं न्हाय. आदी हिचं हुंदे. माझं मागनं."

डॉक्टरांना विचारलं. सीट नीट लावून, थोडा थोडा वेळ चालवायला त्यांची ना नव्हती. इंदूबाई आरटीओत परीक्षेला बसली, कॉम्प्युटरवरच्या खुणा बोटानं दाबत पास झाली आणि शिकाऊ लायसन घेऊन बाहेर आली. मी नियम समजावून सांगत होते : गाडीला लाल एल लावायचा, आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेलाच पाहिजे.

तात्यांनी मला थांबवलं. "म्हंजी माझ्याबिगर हिला गाडी काढताच येनार न्हाय?"

"कायद्यानं नाही."

तात्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

इंदूबाई शिकली कशी, ते काय सांगू! तिला विसरायचं काही नव्हतंच. भाकरी थापणाऱ्या हातांना दाब किती द्यायचा ते कळतं. पायानंही तेच केलं. ती ब्रेक लावायची तेव्हा गाडीत ठेवलेल्या सिद्रामच्या ग्लासातला रसही डुचमळला नसता. स्टिअरिंगवर मात्र भांडणं.

"इंदे, हाण की जरा! बैलगाडी मागं टाकाया लागली."

"तुमी शेजारचे. शेजारच्यानं शेजारच्यासारखं बसावं."

"हॉर्न मार!"

"कशाला? त्यो कुत्रा झोपलाय. वळसा घालते."

तिचा तास झाला की तात्यांचा तास. त्यांचा पाय अजून दहा वेळा शहाण्यासारखा वागतो आणि अकराव्यांदा दगा देतो. पण ते येतात.

गणपतीत प्रशांत आला. नवी गाडी स्वतः चालवत आई-वडिलांना घेऊन थेट मैदानावर आला. मॅडमसमोरच होऊन जाऊ दे म्हणाला. सरळ, साधा मुलगा. आईच्या काळजीनं बोलत होता, वडिलांना हिणवायला नव्हे. त्यानं घरी आधीच एका ड्रायव्हरशी बोलून ठेवलं होतं. सोमवारपासून तो कामावर येणार होता.

"या तात्या, बसा," असं म्हणत त्यानं उजव्या बाजूचं दार उघडून धरलं.

तात्या उठले. धोतर झटकलं. गाडीला पुढून वळसा घालून गेले आणि डाव्या बाजूचं दार उघडून, पिशवी मांडीवर घेऊन, शेजारच्या सीटवर बसले. टोपी नीट केली आणि समोर बघायला लागले.

प्रशांत उघडं दार धरून उभाच होता. त्याच्या हाताखालून इंदूबाई आत शिरली. पाठीशी उशी लावली, चप्पल काढली, पट्टा बांधला.

"आई! हे काय?"

"मागं बस लेकरा. मॅडम, तुमीबी या."

मी आणि प्रशांत मागं बसलो. मैदानाला एक फेरी, मग रस्ता, मग नाक्यापर्यंतची गर्दी. रिक्षा, हातगाड्या, मंडपाचे बांबू, मधूनच ढोल. प्रशांतनं वरचं हँडल धरून ठेवलं होतं. बराच वेळ गेल्यावर ते सोडलंय हे त्याच्याही लक्षात आलं नाही. पुढं तात्या गर्दीतली वाट हातानं दाखवत होते, आणि इंदूबाई ती सोडून भलत्याच, पण बऱ्या वाटेनं जात होती.

परत येऊन गाडी थांबली. थांबल्याचं कळलंसुद्धा नाही. प्रशांतनं आईच्या खांद्यावर हात ठेवला.  मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मॅडम, पण तुम्ही तात्यांना शिकवणार होतात ना?"

"शिकवलं की," मी म्हटलं. "आज ते कुठं बसलेत ते बघितलं नाही का?"

तात्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही, पण मिशी हलली.

प्रशांत हसला. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "अरे, पण त्या ड्रायव्हरला मी शब्द दिलाय. सोमवारी येईल तो. त्याला काय सांगू?"

तात्यांनी पिशवी सावरली, काच खाली केली आणि हाताचं कोपर रुबाबात बाहेर काढलं.

"सांग त्याला," ते म्हणाले, "जागा भरली."